पुरंदर : युद्धकालीन स्थानबद्धता छावणी व मृतांच्या दंतकथा

पुणे जिल्ह्यातील पुरंदर या इतिहासप्रसिद्ध डोंगरी किल्ल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने शत्रुराष्ट्रीय नागरिकांसाठी स्थानबद्धता छावणी चालविली होती. याच किल्ल्याभोवती पायाखाली पुरलेल्या, रणात पडलेल्या व अकाली मारल्या गेलेल्या माणसांच्या दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत. युद्धकालीन तुरुंग व छावण्या यांच्या जागी मृतात्मे वावरतात, ही समजूत जगाच्या अनेक भागांत आढळते. पुरंदरच्या परिचित दंतकथांत मात्र छावणीतील बंद्यांना स्थान नाही. तेथे शेकडो वर्षांपूर्वीचे मृतच आजही नांदतात. कोणत्या मृतांची दंतकथा होते, कोणाचे स्मारक होते आणि कोणाचा विसर पडतो, या प्रश्नाच्या अभ्यासास पुरंदरचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

स्थान व पूर्वेतिहास : पुरंदर किल्ला पुण्याच्या आग्नेयीस सु. ४० किमी. व सासवडच्या नैर्ऋत्येस सु. १० किमी. अंतरावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. १,४०० मी. असून पुरंदर व वज्रगड ही त्याची जोडशिखरे होत. माथ्यावर केदारेश्वराचे मंदिर, त्याखाली रुंद माची आणि पायथ्याशी नारायणपूर गाव, अशी त्याची रचना आहे. या परिसरातील डोंगरांत उगम पावणारी कऱ्हा नदी सासवड, जेजुरी व बारामतीवरून वाहत जाऊन नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेने वालचंदनगर-कळंबच्या भागातून भीमेकडे जाते. बारामती व इंदापूर या मैदानी तालुक्यांचा पुरंदरच्या डोंगराशी असा पाण्याचा संबंध आहे.

बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल व मराठे अशा अनेक सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म येथेच १४ मे १६५७ रोजी झाला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी घातलेल्या वेढ्यानंतर झालेल्या तहान्वये शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. उत्तर पेशवाईत पेशव्यांच्या कुटुंबाचे संकटकाळातील आश्रयस्थान म्हणून या किल्ल्याचा उपयोग होई. १ मार्च १७७६ रोजी मराठे व इंग्रज यांच्यातील दुसरा पुरंदरचा तहही येथलाच. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. थंड हवा व सपाट माची यांमुळे त्यांनी तेथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम उभारले. बराकी, बंगले व चर्च यांचे अवशेष माचीवर आढळतात, ते या कालखंडाचे होत. पुढे छावणीसाठी या स्थळाची निवड झाली, तिच्या मुळाशीही हीच सिद्ध असलेली घरे, एकांत व मोजक्या वाटा ही कारणे दिसतात.

स्थानबद्धता छावणी : युद्धात पकडलेले सैनिक व युद्ध सुरू होताच अटकेत घेतलेले शत्रुराष्ट्राचे नागरिक या दोन भिन्न कोटी आहेत. पहिल्यांस युद्धकैदी व दुसऱ्यांस स्थानबद्ध म्हणतात. महाराष्ट्रात दोन्ही प्रकारच्या छावण्यांचा इतिहास आहे. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) किल्ल्यात बोअर युद्धाच्या अखेरीस, १९०१-०२ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी ठेवले होते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) अहमदनगर येथे जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची मोठी छावणी होती आणि १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी हिंदुस्थानातील अशा छावण्यांची पाहणी केली. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना अटक करून पुन्हा अहमदनगरलाच आणण्यात आले. त्यांत व्यापारी, अभियंते, धर्मोपदेशक, गिर्यारोहक व विद्वान असे सर्व प्रकारचे लोक होते. १९४१ मध्ये त्यांपैकी बहुतेकांना प्रथम नाशिकजवळील देवळाली येथे व नंतर डेहराडूननजीकच्या प्रेमनगर येथे हलविण्यात आले. १९४४ मध्ये प्रेमनगरहून निसटून तिबेटात पोहोचलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइन्‍रिख हारर हा याच मार्गाने गेलेला स्थानबद्ध होय.

या मुख्य छावण्यांखेरीज सातारा व पुरंदर यांसारख्या ठिकाणी सौम्य स्वरूपाच्या छावण्या होत्या. तेथील स्थानबद्धांकडून पळून न जाण्याचे वचन घेतले जाई व त्या मोबदल्यात त्यांना ठराविक हद्दीत हिंडण्याफिरण्याची व कुटुंबासह राहण्याची मोकळीक मिळे. पुरंदरची छावणी या वचनबद्ध प्रकारातील होती. तेथील रहिवाशांत नाझी राजवटीच्या छळामुळे देशत्याग केलेले जर्मन ज्यूही होते. त्यांची स्थिती विलक्षण होती. जर्मनीने त्यांना ज्यू म्हणून नाकारले आणि हिंदुस्थान सरकारने त्यांना जर्मन म्हणून अटकेत ठेवले. युद्धारंभी स्थानबद्धांची छाननी करण्यासाठी माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तिच्या शिफारशींवरून अनेक निर्वासितांची सुटका झाली. तथापि १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाल्यावर संशयाचे वातावरण वाढले व सुटलेल्यांपैकी पुष्कळांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशी वास्तव्य करणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्या राष्ट्राचे नागरिक म्हणून हे लोक डोंगरावर बंदिवान होते, त्या राष्ट्राच्या लेखी ते त्याचे नागरिक उरले नाहीत.

पुरंदरवरील स्थानबद्धांत जर्मन कलेतिहासकार हेर्मान गोट्स (१८९८–१९७६) यांचा समावेश होता. बडोदा येथील संग्रहालयाच्या उभारणीशी त्यांचे नाव निगडित आहे. सक्तीच्या वास्तव्यात त्यांनी किल्ल्यातील वास्तूंचे बारकाईने निरीक्षण केले व युद्धानंतर त्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. बंदिवानाने आपल्या बंदिशाळेचाच इतिहास लिहावा, ही घटना तशी विरळा होय. युद्ध संपल्यावर छावणी मोडली. तेथील माणसे जगाच्या निरनिराळ्या भागांत पांगली. स्वातंत्र्यानंतर माचीवर लष्कराचे नियंत्रण आले.

मृतात्म्यांविषयीच्या मराठी समजुती : दंतकथांचा विचार करण्यापूर्वी त्यांच्या मुळाशी असलेल्या समजुती लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठी लोकसमजुतीत प्रत्येक मृताचे भूत होत नाही. ज्याचा मृत्यू अकाली वा हिंसक झाला, ज्याची वासना अतृप्त राहिली किंवा ज्याचे अंत्यविधी यथासांग झाले नाहीत, तोच मागे राहतो. भुतांचे प्रकारही या अपूर्णतेवरूनच पडले आहेत. मुंज झालेला पण अविवाहित मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ वा जखीण होते. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. धनाच्या लोभाने अडकलेला समंध ठेव्याची राखण करतो. खवीस हा बहुधा परधर्मीयाचा मृतात्मा मानला जातो. वाटसरूस रात्रभर एकाच जागी फिरविणारा तो चकवा. या सर्वांचा अधिपती वेताळ असून त्याची पालखी अमावास्येच्या रात्री निघते, अशी समजूत आहे. रणात पडलेल्यांचे स्थान वेगळे आहे. त्यांना वीर म्हणतात. त्यांचे टाक देवघरात बसवितात व गावोगावचे वीरगळ त्यांची आठवण देतात.

ही वर्गवारी भीतीची असली, तरी तिच्यात एक नैतिक हिशेब आहे. मृताचे काही देणे राहिले आहे व ते जिवंतांनी फेडले पाहिजे, असे ती सांगते. सर्वपित्री अमावास्येचे तर्पण हा त्याच विचाराचा शास्त्रोक्त आविष्कार होय. परमुलखी मेलेल्या व प्रेत न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला, तोही यासाठीच. महाराष्ट्रातील अशा समजुतींची पद्धतशीर नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी ए. एम्. टी. जॅक्सन व आर्. ई. एन्थोव्हेन या मुलकी अधिकाऱ्यांनी केली. जॅक्सन हा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडलेला जिल्हाधिकारी होय. त्याने जमविलेली सामग्री एन्थोव्हेनने पुढे प्रसिद्ध केली.

शेंदऱ्या बुरुजाची कथा : पुरंदरवरील सर्वांत जुनी व सर्वांत अस्वस्थ करणारी दंतकथा शेंदऱ्या बुरुजाची आहे. बेदरच्या बादशहाच्या अमलात किल्ल्याचे बांधकाम चालू असता हा बुरूज पुनःपुन्हा ढासळू लागला. ज्येष्ठ पुत्र व त्याची पत्नी यांना पायात पुरल्यास बुरूज टिकेल, असा दृष्टांत बादशहास झाला. येसाजी नाईक चिवे याने ही कामगिरी पत्करली आणि बहिरनाक नावाच्या महाराचा मुलगा नाथनाक व सून देवकाई यांना सोन्याच्या विटांसह जिवंत पुरण्यात आले. बुरूज उभा राहिला. येसाजी नाईकास किल्ल्याचा अधिकार मिळाला व मुलाच्या पित्यास गावे इनाम मिळाली. ही कथा कमीअधिक फरकाने सांगितली जाते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे जिल्ह्याच्या खंडांतही (१८८५) ती नोंदविली आहे.

वास्तूच्या पायात माणूस पुरण्याची कथा जगभर आढळते. ग्रीसमधील आर्टाचा पूल, अल्बेनियातील श्कोडरचा किल्ला व रूमानियातील आर्जेशचा मठ यांच्या कथांत गवंड्याच्या पत्नीला किंवा धाकट्या सुनेला भिंतीत चिणतात. कन्नड लोकगीतांत तळ्याला पाणी लागावे म्हणून सुनेचा बळी दिला जातो. ब्रिटिश अमदानीत पूल व धरणे बांधली जात असता पायात घालण्यासाठी मुले पळवितात, अशा वावड्या हिंदुस्थानात वारंवार उठत. तेव्हा पुरंदरची कथा घडलेली घटना मानावी की प्रवासी कथाबीजाचे स्थानिक रूप समजावे, हा प्रश्न कथेवरूनच सुटण्यासारखा नाही.

तथापि पुरंदरच्या कथेत एक गोष्ट इतरत्र क्वचित आढळते. येथे बळींची नावे, त्यांची जात व बळीच्या मोबदल्यात मिळालेली वतने यांचा तपशील आहे. महारांचे परंपरागत बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी परंपरा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. नाथनाकाच्या कथेतही बादशहा बेदरचाच आहे. यावरून ही कथा केवळ भुताखेताची नसून हक्काची साक्ष म्हणूनही टिकली असावी, असे अनुमान करता येते. ज्यांच्याजवळ दप्तर नव्हते, त्यांनी आपल्या मृतांनाच साक्षीस ठेवले. कथेतील विषमताही दृष्टीआड करता येत नाही. किल्ला एकाला मिळाला, इनाम पित्याला मिळाले. पुरले गेले ते दोघे. देवकाईला विचारले गेले की नाही, याविषयी कथा मौन पाळते. बुरुजाच्या नावात शेंदराचा अर्थ आहे आणि शेंदूर हा वीर, म्हसोबा व वेताळ यांच्या तांदळ्यांस लावतात. अन्यायाने मेलेल्यास देवपण देऊन शांत करण्याची समाजाची रीत त्या नावात दिसते. शेंदराने भय शमते; अन्याय मात्र तसाच राहतो.

मुरारबाजीचे धड : दुसरी कथा १६६५ च्या वेढ्यातील आहे. किल्ल्याचा सरदार मुरारबाजी देशपांडे याने निवडक मावळ्यांसह मोगलांच्या गोटावर हल्ला चढविला. दिलेरखानाने त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन त्याला कौल देऊ केला, तो त्याने झिडकारला व लढता लढता तो पडला. सभासदाच्या बखरीनुसार (सु. १६९७) दिलेरखानाने बाण मारून त्याला ठार केले. लोककथेत मात्र त्याचे शिर तुटल्यावरही धड लढतच राहिले. बिनशिराचे लढणारे कबंध हे भारतीय वीरकथांतील जुने कथाबीज आहे. येथे ते भयासाठी योजलेले नसून निष्ठेच्या गौरवासाठी योजलेले आहे. पडलेल्या सैनिकाची खवीसात गणना न होता वीरांत झाली, कारण त्याच्या मरणाचा अर्थ समाजाने निश्चित केला होता. माचीवरील त्याचा पुतळा हे त्याच निश्चितीचे आधुनिक रूप होय.

नारायणरावाची हाक : तिसऱ्या दंतकथेची जागा पुण्यात असली, तरी तिचा इतिहास पुरंदरावर येऊन पोहोचतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही समजूत महाराष्ट्रातील सर्वांत परिचित भूतकथा म्हणावी लागेल. वाड्याचा मोठा भाग १८२८ मध्ये जळाला. हाक मात्र उरली. खुनाच्या वेळी गरोदर असलेल्या गंगाबाईला बारभाईंनी सुरक्षिततेसाठी पुरंदरावर हलविले व तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास दोषी ठरविले, पण शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही. न्याय सांगितला गेला व अमलात आला नाही, ही उणीव या दंतकथेने धरून ठेवली आहे.

परक्यांचा मृतात्मा : परकीय माणसाचे भूत मराठी मुलखात होतच नाही, असे मात्र नाही. मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडी येथे मरण पावला. त्या संध्याकाळी सरकारी निवासाच्या पुढील दारातून एक मांजर बाहेर पडले व गव्हर्नर ज्या वाटेवर फेऱ्या घालीत, त्याच वाटेवर ते फिरू लागले. पहाऱ्यावरील शिपायांनी ते गव्हर्नर असल्याचे मानले. नेमके मांजर कोणते, हे सांगता येत नसल्याने अंधार पडल्यावर त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक मांजराला सलामी द्यावी, असा तोंडी हुकूम एका पहाऱ्याकडून दुसऱ्या पहाऱ्याकडे सु. पंचवीस वर्षे जात राहिला. सर टॉमस एडवर्ड गॉर्डन या सेनाधिकाऱ्याने आपल्या आठवणींत (१९०६) हा प्रकार सांगितला आहे. दक्षिणेत तिरुनेलवेलीच्या भागात एका मृत इंग्रज कप्तानाच्या थडग्यापुढे मद्य व चिरूट ठेवण्याची प्रथा होती, तिचाही उल्लेख लोकसाहित्याचे अभ्यासक करतात.

ग्रँटच्या कथेत विनोद असला, तरी तिची घडण लक्षणीय आहे. दंतकथेस मृत लागतो, तसा त्याला नित्य पाहणारा शेजारीही लागतो. शिपायांनी गव्हर्नरच्या फेऱ्या रोज पाहिल्या होत्या, म्हणून त्यांना मांजरात तो ओळखता आला. पुरंदरच्या स्थानबद्धांच्या वाट्यास असा शेजार फारसा आला नाही. त्यांची हद्द ठरलेली होती, भाषा वेगळी होती व वास्तव्य काही वर्षांचे होते. गडाखालच्या गावांशी नाते जुळून त्यांच्या आठवणी तेथे रुजाव्यात, इतका अवधी त्यांना मिळाला नाही.

इतर देशांतील छावण्या : युद्धकालीन बंदिशाळांच्या भूतकथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष रूढ आहेत. तेथील यादवी युद्धात (१८६१–६५) बॉस्टन बंदरातील फोर्ट वॉरन या किल्ल्यात दक्षिणेकडील कैदी ठेवले होते. पतीला सोडविण्यासाठी पुरुषवेषात आलेली एक स्त्री पकडली गेली व तिला काळा झगा घालून फाशी दिले. तिचा मृतात्मा तटावर फिरतो, अशी दंतकथा आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. विसाव्या शतकात एडवर्ड रो स्नो या लेखकाने ती लोकप्रिय केली. पुरंदरप्रमाणेच हाही किल्ला व बंदिशाळा आहे. पण येथील कथा गावाच्या स्मरणातून न येता लेखणीतून व पर्यटनातून वाढली.

याउलट जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिलच्या छावणीत फेब्रुवारी १८६४ ते एप्रिल १८६५ या काळात ठेवलेल्या सु. ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० उपासमार व रोग यांनी मेले. छावणीचा अधिकारी हेन्‍री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली व त्याचे भूत तेथे फिरते, असे सांगितले जाते. तथापि या स्थळाची खरी स्मृती भुतावर अवलंबून राहिली नाही. डॉरेन्स अ‍ॅटवॉटर या तरुण कैद्याने मृतांच्या नोंदीची एक प्रत गुपचूप तयार करून सांभाळली होती. तिच्या आधारे १८६५ मध्ये क्लॅरा बार्टन व तिचे सहकारी यांनी बहुतेक थडग्यांवर नावे लाविली; केवळ काही शेच थडगी अनामिक राहिली. एका कैद्याने राखलेल्या यादीने हजारो मृतांना नाव मिळवून दिले.

स्मारक, दंतकथा व विस्मृती : पुणे परिसरातच या तिन्ही अवस्था शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी महात्मा गांधी व त्यांचे सहकारी यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तीही युद्धकालीन बंदिशाळाच होती. तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेव देसाई व २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी यांचे निधन झाले. दोघांचेही दहन त्याच आवारात होऊन तेथे समाध्या उभ्या राहिल्या. बंदिवासातील मृत्यू असूनही या स्थळाची ख्याती भयस्थान म्हणून न होता तीर्थ म्हणून झाली. कारण मृतांस विधी, नाव व वारस तिन्ही मिळाले. त्याच काळात अहमदनगरच्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव प्रभृती नेते बंदिवान होते. तेथे त्यांपैकी काहींनी केलेल्या लेखनामुळे तो किल्ला राष्ट्रीय स्मृतीचा भाग झाला. बोअर व जर्मन कैदीही त्याच तटांत राहून गेले, याची जाणीव मात्र सामान्य अभ्यागतास क्वचितच असते.

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सु. ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ती बंदिशाळा नव्हती, निर्वासितांची वसाहत होती. तुलनेसाठी मात्र ती महत्त्वाची आहे. तेथे वाढलेली मुले वृद्धापकाळी परत आली, कोल्हापुरातील आपल्या मृतांच्या दफनभूमीची त्यांनी विचारपूस केली व २०१९ मध्ये त्या वसाहतीच्या स्मरणार्थ वळिवडे येथे समारंभही झाला. परके असूनही त्यांची आठवण राहिली. परत येऊन विचारणारे कोणी होते, हे तिचे कारण होय.

परमुलखी मेलेल्या मराठी सैनिकांचा विचारही येथे प्रस्तुत ठरतो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत-अल्-अमारा येथे पुणे डिव्हिजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तीत मराठा पलटणींचे शिपाईही होते. वाळवंटातून चाल करविताना व रेल्वेच्या बांधकामावर राबविताना त्या सैन्यातील पुष्कळ हिंदी कैदी मेले. त्या वाटांवरील गावकऱ्यांच्या दृष्टीने ते शिपाई जसे अनोळखी होते, तसेच पुरंदरचे जर्मन आपल्याकडील गावांस होते. मेसोपोटेमियात मेलेल्या शिपायास त्याच्या गावी वीराचे स्थान मिळू शकते, पण ज्या भूमीत तो पडला, तेथे त्याची दंतकथा होत नाही.

समारोप : युद्धकालीन बंदिशाळेत जितके दुःख अधिक, तितक्या तिच्या भूतकथा अधिक, असे सामान्यतः समजले जाते. पुरंदरच्या उदाहरणावरून हे समीकरण अपुरे ठरते. दुःखाबरोबरच ते जवळून पाहणारा समाज, मृताशी नाते सांगणारे वारस आणि न फिटलेले देणे, ही तीन अंगे असल्याखेरीज दंतकथा टिकत नाही. नाथनाक व देवकाई यांच्या बाबतीत तिन्ही होती, म्हणून कित्येक शतकांनंतरही ती नावे बुरुजाला चिकटून आहेत. मुरारबाजीचे देणे गौरवाने फिटले, म्हणून तो वीर झाला. कस्तुरबा व महादेवभाई यांना समाधी मिळाली. छावणीतील स्थानबद्ध बहुतांशी जिवंत सुटले, दूर गेले व गडाखाली त्यांचे म्हणून कोणी उरले नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय मृत्यूचा नव्हता, तर वर्षानुवर्षांच्या बंदिवासाचा व नाकारल्या गेलेल्या नागरिकत्वाचा होता, आणि असा अन्याय सांगण्यास लोककथेजवळ रूप नाही. पोथीपुराणातील वा गावगाड्यातील कोणत्याही भूतप्रकारात ‘राष्ट्र हिरावलेला माणूस’ बसत नाही.

यास्तव अशा स्थळांचा अभ्यास करताना दंतकथा व दप्तर ही एकमेकांस पूरक साधने मानावी लागतात. ज्यांना लेखणी नव्हती, त्यांची आठवण दंतकथेने राखली. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारल्यास नाथनाक-देवकाईंची एकमेव साक्ष नाहीशी होते. ज्यांना दंतकथा लाभली नाही, त्यांची जबाबदारी इतिहासावर येते. पुरंदरच्या माचीवरील बराकींचे अवशेष पेशवाईच्या वाड्यांच्या जोत्यांइतकेच इतिहासाचे साधन आहेत. गडावर येणाऱ्यास बुरुजाखालच्या दोघांची कथा सांगितली जाते. तिच्या शेजारी छप्पर गेलेल्या भिंतींत राहून गेलेल्या निर्वासितांची हकीकतही सांगितली जाणे इष्ट होय.